नदी गोठली की रस्ता, वितळली की जलमार्ग: मॅकेन्झीच्या मुखाशी गावं कशी चालतात

कॅनडाच्या नकाशात अगदी वर, वायव्येच्या कोपऱ्यात मॅकेन्झी नदी बोफर्ट समुद्राला मिळते. ग्रेट स्लेव्ह लेक या सरोवरातून निघून ती १,७३८ किलोमीटर वाहते. वरच्या पीस आणि फिनले या नद्या धरल्या तर लांबी ४,२०० किलोमीटरच्या पुढे जाते. पाणलोट क्षेत्र सुमारे १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे कॅनडाचा जवळजवळ पाचवा भाग. मुखाशी नदीचे असंख्य फाटे होतात आणि त्यांच्यामध्ये हजारो लहानमोठी तळी आहेत. या त्रिभुज प्रदेशात आणि त्याच्या कडेला ग्विचिन आणि इनुव्हियालुइट या मूळनिवासी लोकांची गावं आहेत: पील नदीवरचं फोर्ट मॅकफर्सन, मॅकेन्झी आणि आर्क्टिक रेड यांच्या संगमावरचं त्सीगेहचिक, फाट्यांच्या जाळ्यातलं अक्लाविक, पूर्वेच्या फाट्यावरचं इनुविक आणि थेट समुद्रकाठी टुक्टोयाक्टुक. इनुविकची वस्ती तीन हजारांच्या थोडी वर, टुक्टोयाक्टुकची नऊशेच्या आसपास, अक्लाविकची साडेपाचशे-सहाशे, आणि त्सीगेहचिक तर दीडशेच्या घरातलं.

या गावांना सरसकट ‘जगापासून तुटलेली’ म्हटलं जातं. ते बरोबर नाही. उन्हाळ्यात नदीवर बोटी, फेरीबोटी आणि बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी) चालतात, हिवाळ्यात त्याच नदीवरून ट्रक जातात. गावं खरी तुटतात ती वर्षातून दोनदाच, नदी धड पाणीही नसते आणि धड बर्फही नसतो तेव्हा. इथल्या दैनंदिन जगण्यातल्या बहुतेक गोष्टी, म्हणजे तेलाच्या टाकीचा आकार, दुकानातले भाव, घर बांधण्याची पद्धत, या दोन अधल्या-मधल्या काळांवरून ठरतात.

बर्फ किती जाड होतो आणि का

इनुविकमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे २६-२७ अंशांच्या आसपास असतं. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ महिनाभर सूर्य उगवतच नाही. तरीही नदी एका रात्रीत गोठत नाही. ऑक्टोबरात आधी काठाला बर्फाची पट्टी धरते. मधल्या वाहत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात, ते एकमेकांना चिकटून लगद्यासारखे तरंगतात, त्यांच्या चकत्या होतात, आणि एखाद्या वळणावर त्या अडकल्या की मागून येणाऱ्या चकत्या तिथेच थिजत जातात. फेरी बंद पडते ती याच टप्प्यावर: पाणी अजून वाहतं असतं, पण चकत्यांच्या रेट्यापुढे बोटीला वाट काढता येत नाही.

पुढे बर्फ खालून वाढतो. पाण्यातली उष्णता बर्फातून वर हवेत जाते आणि तळाशी नवा थर धरतो. म्हणून बर्फ जितका जाड होईल तितकी वाढ मंदावते. अंदाज बांधायची रीत अशी: रोजचं सरासरी तापमान शून्याच्या जितके अंश खाली, ते आकडे एकत्र करत जायचे. वीस दिवस सरासरी उणे २५ राहिलं तर बेरीज ५००. तिचं वर्गमूळ साधारण २२.४. त्याला स्थितीनुसार एका आकड्याने गुणायचं. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ झाडून निघणारं तळं असेल तर हा आकडा अडीचच्या आसपास किंवा वर जातो, भुसभुशीत बर्फाखालच्या वाहत्या नदीला दीडपर्यंत खाली येतो. दोन धरला तर जाडी ४५ सेंटिमीटर. वर्गमूळ असल्यामुळे जाडी दुप्पट करायला थंडी चौपट लागते. ४५ सेंटिमीटरांचे ९० व्हायला तशाच थंडीचे आणखी साठ दिवस हवेत. तोपर्यंत जानेवारी उलटून जातो.

इथेच माणसाच्या मदतीची गरज पडते. वर पडलेला भुसभुशीत बर्फ गोधडीसारखं काम करतो, थंडी खाली पोचू देत नाही. म्हणून रस्त्याची पहिली पायरी म्हणजे हा थर बाजूला काढणं. बर्फ वीसेक सेंटिमीटरांचा झाला की हलक्या स्नोमोबाइलवरून ठराविक अंतराने भोकं पाडून जाडी मोजतात. पुढे वाहनामागे रडार ओढत नेऊन सलग मोजमाप घेतात. मग भोकातून पंपाने नदीचंच पाणी वर काढून पसरतात. एका वेळी पातळ थर द्यायचा, तो पूर्ण गोठला की दुसरा. घाई करून जाड थर टाकला तर वरचा पापुद्रा गोठतो आणि मध्ये पाणी अडकून राहतं. वरून पक्का दिसणारा असा रस्ता चाकाखाली फसतो.

वजनाचं गणित कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी १९७१ साली मांडलेल्या साध्या सूत्रावर आजही चालतं. जाडीचा सेंटिमीटरमधला वर्ग घ्यायचा आणि चारने गुणायचं, उत्तर किलोमध्ये. सावधपणे चालायचं तर साडेतीनने गुणायचं. ३० सेंटिमीटरला ३,६०० किलो, म्हणजे एखादी जीप. ५० सेंटिमीटरला १० टन. पूर्ण भरलेल्या, दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रकचं वजन ६३ टनांच्या वर जातं. त्याला सव्वा मीटरपेक्षा जास्त जाडी लागते. म्हणून रस्ता उघडला असं जाहीर होतं तेव्हा तो सगळ्यांना उघडलेला नसतो. आधी हलक्या गाड्या, मग मर्यादा वाढवत वाढवत अखेरीस ६४ टनांच्या आसपास.

हे गणित फक्त निळसर, पारदर्शक, भेगा नसलेल्या बर्फासाठी. पांढरा, हवेचे बुडबुडे असलेला बर्फ निम्म्याच जाडीचा धरायचा. ४० सेंटिमीटरांपैकी २० पांढरा असेल तर हिशेबात ३० च येतात, आणि वजनाची मर्यादा ६,४०० वरून ३,६०० किलोवर घसरते. रंग पाहणं हे इथे जिवावरचं काम आहे.

बर्फ फुटतो कुठे

बर्फ पुरेसा जाड असला तरी वेगामुळे अपघात होतात, हे बाहेरच्यांना पटत नाही. चालती गाडी बर्फ थोडा खाली दाबते आणि त्याखालच्या पाण्यात एक लाट तयार होते. ही लाट किती वेगाने पळणार ते पाण्याच्या खोलीवर ठरतं. दोन मीटर खोल पाण्यात ताशी सुमारे १६ किलोमीटर, पाच मीटरमध्ये २५, दहा मीटरमध्ये ३५-३६. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळले की लाट पुढे निसटत नाही, गाडीखालीच साचून वाढत जाते आणि बर्फ तडकतो. काठाजवळ पाणी उथळ होत जातं, लाट किनाऱ्यावर आदळून परतते, म्हणून सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे काठावर चढण्याआधीचा टप्पा. तिथे वेग ताशी १० किलोमीटरपर्यंत आणायचा आणि शक्यतो तिरकं चढायचं. दोन जड गाड्यांनी एकमेकींच्या मागे चिकटून कधीही जायचं नाही, कारण दोन्हींचा भार एकाच पट्ट्यावर येतो.

थांबणं तर आणखी वाईट. बर्फ ताणाखाली सावकाश वाकत राहतो. जे वजन चालताना सहज पेललं जातं, तेच दोन तासांपेक्षा जास्त एका जागी उभं राहिलं तर बर्फ खोलगट होतो, भेगांतून पाणी वर येतं आणि मग तो सावरत नाही. बंद पडलेला ट्रक दुरुस्त करत बसायचं नसतं, आधी तो तिथून ओढून काढायचा असतो.

नदीवर काही जागा कायमच्या संशयास्पद. दोन प्रवाहांचा संगम, वळणाची बाहेरची बाजू, ओढ्याचं तोंड. प्रवाह जोरात असतो तिथे तो बर्फ खालून खरवडत राहतो. हिवाळ्यात पाण्याची पातळी उतरते तेव्हा काठाजवळचा बर्फ अधांतरी लटकतो. त्याखाली पाण्याचा आधारच नसतो, आणि सूत्र तर आधार गृहीत धरून बनलेलं आहे. याउलट कधी बर्फाखाली दाब वाढून पाणी भेगेतून वर येतं आणि भुसभुशीत बर्फाच्या आड लपून राहतं. स्नोमोबाइल त्या रबडीत रुतली, उणे ३० मध्ये बूट ओले झाले आणि मुक्काम लांब असला, तर प्रसंग प्राणावर बेततो. म्हणून जाणते प्रवासी जादा बूट, मोजे आणि पेटवायचं सामान अंगावरच्या पिशवीत ठेवतात, स्लेजवर नाही.

ब्रेक-अप, म्हणजे नदीवरचा बर्फ फुटण्याचा काळ: दक्षिण आधी वितळते

मॅकेन्झी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि बहुतेक त्रास यातूनच सुरू होतो. वसंत ऋतू दक्षिणेत आधी पोचतो. मेच्या सुरुवातीला लिअर्ड नावाची उपनदी डोंगरातलं वितळलेलं पाणी घेऊन फोर्ट सिम्पसनपाशी मॅकेन्झीत शिरते आणि तिथला बर्फ फोडते. खाली त्रिभुज प्रदेशात मात्र मेच्या अखेरपर्यंत मीटरभर जाड बर्फ टणक उभा असतो. वरून आलेले तुकडे या बर्फावर आदळतात, एकमेकांवर चढतात, काही तळापर्यंत रुततात, आणि नदीत बर्फाची कोंडी होते. मागचं पाणी चढत जातं, कधी काही तासांत कित्येक मीटर. कोंडी अचानक सुटली तर तेच पाणी बर्फाच्या तुकड्यांसकट लोंढ्याने खाली येतं.

वसंताच्या आधी हळूहळू ऊन वाढून बर्फ जागेवरच सच्छिद्र आणि कमकुवत झाला, तर ब्रेक-अप शांतपणे पार पडतो. पण डोंगरात भरपूर बर्फ, लांबलेली थंडी आणि मग एकदम उष्णता असा योग जुळला की बर्फ टणक असतानाच पाण्याचा लोंढा येतो. मे २०२१ मध्ये फोर्ट सिम्पसन गावाला अशा पुरामुळे बाहेर पडावं लागलं. मे २०२२ मध्ये ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठचं ‘हे रिव्हर’ नावाचं सगळं शहर रिकामं करावं लागलं. अक्लाविकमध्ये २००६ च्या वसंतात पाणी शिरलं होतं.

सैबेरियाच्या लेना नदीचंही असंच आहे. तीही उत्तरवाहिनी. मे २००१ मध्ये लेन्स्क शहर बर्फाच्या कोंडीमुळे जवळजवळ वाहून गेलं. कोंडी फोडायला विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले होते. तीन लाखांवर वस्तीचं याकुत्स्कही पुलाअभावी उन्हाळ्यात फेरी आणि हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता यांवरच लेना ओलांडत आलं आहे. तिथे पुलाचं काम आता सुरू आहे.

पण पुराकडे फक्त संकट म्हणून पाहणं इथे चुकीचं ठरेल. त्रिभुज प्रदेशातली अनेक तळी मुख्य फाट्यांपेक्षा उंचावर आहेत. वसंतातला पूर चढला तरच नदीचं गाळयुक्त पाणी त्यांच्यात शिरतं. काही वर्षं पूर आलाच नाही तर ती तळी हळूहळू आटू लागतात, वनस्पती कमी होतात, आणि त्यांवर जगणारे मस्करॅट (पाण्याकाठी राहणारा उंदराच्या जातीचा केसाळ प्राणी) आणि मासे घटतात. सापळे लावून आणि जाळी टाकून जगलेल्या कुटुंबांना हे कुठल्याही मोजमापाआधी कळतं.

अक्लाविक आणि इनुविक: एकाच प्रश्नाची दोन उत्तरं

अक्लाविक बसलंय बारीक गाळाच्या जमिनीवर, फाट्याच्या वळणावर. ही जमीन बाराही महिने गोठलेली असते आणि तिच्या पोटात शुद्ध बर्फाचे थर असतात. वरचा पदर तेवढा उन्हाळ्यात सुटतो. त्यावर गरम घर उभं केलं की उष्णता खाली झिरपते, बर्फाचं पाणी होतं, चिखल बसतो आणि घर कलतं. त्यात पूर आणि झिजणारा काठ. धावपट्टीला, सांडपाण्याच्या व्यवस्थेला जागा नाही. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की गाव हलवायचं. पूर्वेच्या काठावर खडीची, उंच, पुराच्या वरची जागा निवडली. तिथे १९५५ पासून इनुविक उभं राहिलं आणि १९६१ मध्ये पंतप्रधान डिफेनबेकर यांनी त्याचं औपचारिक उद्घाटन केलं.

इनुविकचं बांधकाम पाहण्यासारखं आहे. जमीन खणायची नाही, हा पहिला नियम. वरचं शेवाळ आणि झुडपं हेच जमिनीचं उन्हापासूनचं पांघरूण, म्हणून ते न काढता त्यावर खडीचा जाड थर टाकला. वाफेने जमिनीत भोकं वितळवून त्यांत लाकडी खांब रोवले आणि जमीन पुन्हा गोठू दिली. गोठलेली माती खांबाला इतकी घट्ट धरते की तोच पाया होतो. इमारत त्या खांबांवर, जमिनीपासून उंच, आणि मधली पोकळी मोकळी, म्हणजे हिवाळ्याची थंड हवा खालून फिरत राहते आणि जमीन गोठलेली ठेवते. या पोकळीला चारी बाजूंनी फळ्या मारून तिथे सामान भरणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. हवा अडली की पाच-दहा वर्षांत दारं अडकायला लागतात.

पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही जमिनीखाली घालता येत नाहीत. इनुविकमध्ये ते खांबांवर ठेवलेल्या उष्णतारोधक पेट्यांमधून घरोघर जातात. पाणी गरम करून सतत फिरवत ठेवतात, कारण थांबलं की गोठलं. हे महाग पडतं, आणि छोट्या गावांना परवडत नाही. अक्लाविक आणि टुक्टोयाक्टुकमध्ये टँकर येऊन घरातल्या टाकीत पाणी भरतो, दुसरा ट्रक सांडपाण्याची टाकी उपसून नेतो. टाकी साधारण हजार-बाराशे लिटरची. मोठं कुटुंब असेल आणि वादळात ट्रक दोन दिवस आला नाही, तर आंघोळ आणि कपडे धुणं आधी थांबतं.

आणि अक्लाविक? ते गाव हललंच नाही. बरेच लोक इनुविकला गेले, पण पुष्कळांनी नकार दिला, आणि ‘हार मानायची नाही’ अशा अर्थाचं वाक्य गावाचं ब्रीद झालं. फक्त जमिनीचा विचार केला तर सरकारचा निर्णय योग्य होता असं अभियंते म्हणतील. पण मासे, मस्करॅट आणि पूर्वज जिथे आहेत तिथेच राहण्याचा लोकांचा निर्णयही तितकाच विचारपूर्वक होता. तो अडाणीपणा समजणं अन्यायाचं आहे. अक्लाविकला आजही बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात इनुविकहून नदीच्या फाट्यांवरून शंभरेक किलोमीटरांचा बर्फाचा रस्ता, उन्हाळ्यात बोट, आणि मधल्या काळात फक्त लहान विमान.

तेल, किराणा आणि बार्ज

दक्षिणेकडून येणारा डेम्पस्टर महामार्ग १९७९ मध्ये इनुविकपर्यंत पूर्ण झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो आणखी सुमारे १३८ किलोमीटर पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंत बारमाही झाला. त्याआधी टुक्टोयाक्टुकचा रस्ता हिवाळ्यातच, नदी आणि समुद्राच्या बर्फावरून असायचा. नवा रस्ताही मुख्यतः हिवाळ्यात बांधला गेला: गोठलेल्या जमिनीवर कापड अंथरून त्यावर खडी रचत गेले, कुठेही जमीन कापली नाही.

तरी या महामार्गावर पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. तिथे मेच्या अखेरीपासून किंवा जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत फेरी, आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत बर्फ. म्हणजे वसंतात चार-पाच आठवडे आणि शरद ऋतूत सहा ते आठ आठवडे ट्रक येत नाहीत. दूध, अंडी, भाजी विमानाने येते आणि भाव लगेच चढतात. इनुविकचा स्वतःचा नैसर्गिक वायूचा साठा २०१२ च्या सुमारास संपल्यावर द्रवरूप वायू दक्षिणेकडून ट्रकने आणावा लागतो, त्यामुळे हे आठवडे निभतील इतकी साठवण गावात असावीच लागते.

जड माल आणि तेल मात्र अजून बार्जवर अवलंबून आहे. ‘हे रिव्हर’ शहरातून टगबोटी बार्ज पुढे ढकलत नदीने समुद्रापर्यंत नेतात. हंगाम जूनच्या मध्यापासून फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दरवर्षी बर्फ मार्गदर्शक बोया उखडून नेतो, म्हणून तटरक्षक दलाला त्या नव्याने टाकाव्या लागतात. सॅन्स सो सारख्या खळाळत्या, उथळ टप्प्यावर पाणी कमी असेल तर बार्ज एकेक करून पार न्यावे लागतात. उत्तरेच्या गावांत साधं डिझेल चालत नाही, थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर बंद होतात. म्हणून आर्क्टिक दर्जाचं डिझेल वर्षभराचं एकदाच मागवतात आणि मोठ्या टाक्यांत साठवतात. बहुतेक ठिकाणी वीज त्यावरच बनते, कारण या गावांना जोडणारी विजेची जाळी नाही. प्रत्येक गावाचं वीजघर वेगळं.

पाणीच उतरलं तर? २०२३ आणि २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टातल्या दुष्काळामुळे ग्रेट स्लेव्ह लेकची पातळी नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला गेली. २०२४ मध्ये नॉर्मन वेल्स आणि तुलिता या गावांच्या बार्ज फेऱ्या रद्द झाल्या आणि तेल विमानाने न्यावं लागलं. विमानाने आणलेल्या लिटरचा खर्च अखेर घर गरम ठेवणाऱ्या कुटुंबावर पडतो, आणि उणे ३५ मध्ये हीटर कमी करायचा पर्याय नसतो. अशा गावांत दोन हंगामांचं तेल मावेल एवढ्या टाक्या बांधणं ही चैन नाही, ते आधी व्हायला हवं. २०२३ मध्ये इनुविकजवळ साडेतीन मेगावॅटची एक पवनचक्की सुरू झाली. तिने डिझेल वाचतं, पण वारा पडला की इंजिन लागतंच.

जायचं असेल तर

कॅल्गरी-एडमंटनकडची पुष्कळ मराठी मंडळी उन्हाळ्यात युकॉनपर्यंत गाडीने जातात आणि तिथून पुढे जाण्याचा विचार करतात. हाच डेम्पस्टर महामार्ग: डॉसनजवळून इनुविकपर्यंत ७३६ किलोमीटर खडीचा रस्ता आहे. खडी धारदार असते, टायर हमखास फाटतो, म्हणून पूर्ण आकाराची दोन जादा चाकं घ्यावीत, डिकीतलं बारकं चाक चालणार नाही. सुरुवातीपासून ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्स येईपर्यंत पेट्रोल नाही, त्यानंतर थेट फोर्ट मॅकफर्सन. दोन्ही नद्यांवरच्या फेरीबोटी फुकट आहेत, पण मुसळधार पावसानंतर पाणी चढलं किंवा ओंडके वाहून आले की त्या तासन्‌तास, कधी दिवसदिवस थांबतात. पील नदीवरची फेरी तारेच्या आधाराने चालते, त्यामुळे पाण्याच्या चढउताराचा तिला जास्त त्रास होतो. दोन-तीन दिवसांचं जादा अन्न, पाणी आणि गरम कपडे गाडीत ठेवावेत आणि निघण्याच्या सकाळी सरकारी संकेतस्थळावर दोन्ही फेरीबोटींची स्थिती पाहावी. जुलैत सूर्य जवळजवळ मावळत नाही आणि डास फार असतात. ऑगस्टच्या अखेरीस डास कमी होतात आणि टुंड्रा लाल होते. सप्टेंबरच्या मध्यानंतर मात्र खडीवर बर्फ पडू लागतो. ऑक्टोबरात जायचं तर परतीची फेरी कधी बंद होईल याची खात्री करूनच, नाहीतर गाडी डिसेंबरपर्यंत तिथेच राहते.